आधी मामाच्या पोटावर

माझ्या मामाइतका भित्रा माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मामा त्यालाही घाबरेल. तो लिफ्टला घाबरतो, प्रेशर कुकरला घाबरतो, भरदुपारी दार वाजवणाऱ्या पोस्टमनलाही घाबरतो. पण ही सगळी भीती एकत्र केली तरी माझ्या पाळीच्या पोटदुखीपुढे ती काहीच नाही. कॉलेजसाठी मी नागपुरातल्या नंदनवन भागात त्याच्याकडे राहायला गेले तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचंही असंच पोट दुखत होतं. नेहमीचंच आहे म्हणून ती ओवा खाऊन पडून राहिली, मामा कामावर गेला, आणि ते नेहमीचं नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही बाईने पोटावर हात ठेवला की मामाचा चेहरा पांढराफटक पडायचा.

'पाळी' हा शब्द तो कधी उच्चारत नसे. "तब्येत आली का वं?" असं दाराबाहेरून कुजबुजत विचारायचा. मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मधात दुखते का बाजूले?" मधातच, असं ऐकल्याशिवाय तो दारातून हलत नसे. मग स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागायची. ओव्याचं पाणी, आल्या-गुळाचा काढा, तिळाचे लाडू असं सगळं एकदम सुरू व्हायचं. मात्र जे माझ्या पोटात किंवा पोटावर जाणार ते आधी त्याच्या, हा त्याचा कडक नियम. काढा पिऊन तो डोळे मिटून खुर्चीत बसून राहायचा आणि म्हणायचा, "मले तं काही नाही झालं. घे आता." तोवर काढ्याचं सरबत झालेलं असायचं.

गरम पाण्याच्या पिशवीचंही तेच. मे महिन्यात, गार वाऱ्याने पोट आणखी दुखतं म्हणून कूलर बंद करून, हा माणूस बनियन वर करून पिशवी स्वतःच्या पोटावर धरायचा. घामाच्या धारा लागलेल्या असायच्या. "थांब वं, पोयते का ते पाहून राहिलो." एकदा शेजारच्या काकू कढीपत्ता मागायला आल्या आणि त्याला तसा पाहून दारातच थबकल्या. "भाऊ, काय झालं तुम्हाले?" मामा इतका गडबडला की तोंडाला येईल ते बोलून गेला, "तब्येत आली!" काकूंनी पुढे बरेच दिवस कढीपत्ता मागितला नाही.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी मी पोट धरून उठले. तारीख जवळ आलेलीच होती. "नेहमीचंच आहे मामा, पिशवी दे," मी म्हटलं. त्याने पिशवी भरली, रिवाजाप्रमाणे आपल्या पोटावर धरली आणि दुसरा हात माझ्या कपाळावर ठेवला. कपाळ तापलं होतं.

"कोन्या बाजूनं दुखून राहिलं?"

मी उजवीकडे खाली बोट दाखवलं. मामाने पिशवी बाजूला ठेवली. "हे आपल्या ओव्याचं काम नाही."

रिकामा रस्ताही दहादा पाहून ओलांडणारा मामा त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने ऑटो अडवला. ऑटोत तो सारखा माझं कपाळ चाचपत होता. त्याचं अंग माझ्या खांद्याला लागत होतं, आणि मला पहिल्यांदाच मामी आठवून भीती वाटली. खूप भीती वाटली. दवाखान्यातल्या गर्दीपुढे तो ओरडला, "पाळीचं दुखणं नाही हे! ताप आहे पोरीले, उजवीकडून दुखून राहिलं!" सगळा दवाखाना वळून पाहायला लागला. अपेंडिक्स निघालं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं.

शुद्धीवर आले तेव्हा तो उलटसुलट बटणं लावलेल्या शर्टात शेजारी बसला होता. म्हणाला, "तुह्या मामीले मी विचारलंच नव्हतं वं, कोन्या बाजूनं ते."

आता मी पुण्यात नोकरी करते आणि मामाला ऐकू कमी येतं. दर महिन्याला त्याचा फोन येतो, "मधात का बाजूले?" ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी "मधातच!" असं ओरडते, लोक वळून बघतात. त्याला ऐकू गेलेलं नसतं. मग लिफ्टला आणि कुकरला घाबरणारा, एकट्याने कधी रेल्वेत न बसलेला माझा मामा हळूच विचारतो, "मी येऊ का वं?"