माझ्यानंतरची जागा

मला टीबी झाला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. बरी होऊन अंधेरीच्या गावठाणात परत आले तेव्हा एकोणीस पूर्ण व्हायला आली होती. मधला काळ सॅनेटोरियममध्ये सुया टोचून घेण्यात आणि छताकडे बघण्यात गेला. तेवढ्या काळात आईनं रोझरीचे मणी झिजवले. मी घरी आले त्या संध्याकाळी तिनं दारापुढच्या क्रुसाशी मेणबत्त्या लावल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, "देवानं माझ्या पोरीला बरी केली." डॉक्टरांचा कागद मात्र तिनं लुगड्यांच्या घडीखाली ठेवून दिला. देवानं बरी केल्यावर कागद कशाला, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी रविवार. देवळात मिस्साच्या प्रार्थनेला निघताना तिनं मला बाजूला घेतलं.

"कम्युनियनला सगळ्यांच्या शेवटी जा हां."

त्या काळी कम्युनियन हातात देत नसत. वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी ओळीनं गुडघे टेकायचे, डोळे मिटून जीभ पुढे करायची. फादर आमच्या उजवीकडून डावीकडे येत आणि एकेकाच्या जिभेवर पवित्र भाकर ठेवत. बोटं कधी ना कधी जिभेला लागतच. ती भाकर म्हणजे खुद्द ख्रिस्ताचं शरीर, याबद्दल आमच्या गावठाणात कुणाच्याही मनात शंका नव्हती. माझ्या जिभेला लागलेली बोटं आपल्याकडे येऊ द्यायला मात्र कुणाची तयारी नव्हती.

मी शेवटी जाऊ लागले. सगळे परत बाकांवर जाऊन बसले की मी उठायचे. माझ्या डावीकडे कुणी नसे. पाच-सहा महिने असेच गेले, आणि खरं सांगायचं तर मला त्याची सवयही झाली. मग एका रविवारी मिस्साआधी शेजारची बाई मला म्हणाली, "तुझ्या आईसारखी श्रद्धा हवी बघ माणसाची!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवशी मी शेवटपर्यंत थांबले नाही. सरळ उठले आणि कठड्याच्या मधोमध जाऊन गुडघे टेकले. माझ्या डावीकडे दोघीजणी होत्या. त्या उठल्या, माझ्या मागून वळसा घालून उजव्या टोकाला गेल्या. आमच्याकडे असल्या गोष्टी फार सभ्यपणे चालत. मी मान न वळवता वाट बघत राहिले. आई येईल याची मला खात्री होती.

आई आली. उजवीकडच्या बायकांना सरकवून तिनं जागा केली आणि माझ्या उजव्या हाताला बसली. म्हणजे माझ्या आधी.

घरी आल्यावर मी तिला सोडलं नाही. "देवानं बरी केली ना मला? मग डावीकडे का नाही बसलीस?"

ती मासळी साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, "घरात धाकटी दोघं आहेत. मी एकटी असते तर तुझं उष्टं खाल्लं असतं गं."

ती खोटं बोलत नव्हती. आजारपणात माझ्या थुंकीची भांडी तिनंच साफ केली होती. हे सगळं मला कळत होतं, आणि तरी मला तिचा भयंकर राग आला.

दुपारी मी लुगड्यांखालून तो कागद काढला, एक्स-रेच्या फोटोचं पाकीट घेतलं आणि फादरांकडे गेले. ते वयस्क होते, जेवून नुकते कलंडले असावेत, कारण चेहऱ्यावर त्रासिक भाव होता. मी म्हटलं, "फादर, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगा, मी बरी झालेय म्हणून. हा पुरावा."

त्यांनी पाकीट उघडलंच नाही. विचारलं, "तुझ्यानंतर कठड्याशी कोण असतं?"

"कुणीच नाही."

"मी असतो," ते म्हणाले. "सगळ्यांना देऊन झालं की वेदीशी जाऊन मी ही बोटं पेल्यावर धरतो. वरून वाइन आणि पाणी ओततात. बोटांना भाकरीचा कण लागून राहिला असेल तर तो वाया जाऊ नये म्हणून. ते धुतलेलं पाणी मलाच प्यायचं असतं."

मी जन्मापासून त्या देवळात जात होते. पण वेदीशी फादरांची पाठ आमच्याकडे असे, आणि ते तिथे काय पितात याचा मी कधी विचार केला नव्हता.

"पण मी बरी झाल्याचं तुम्हाला डॉक्टरांनी कळवलं असेल," मी म्हटलं.

"मला कोण कळवणार? कागद तू आज आणलास." त्यांनी पाकीट माझ्या हातात परत दिलं. "तुझी आई त्या संध्याकाळी येऊन म्हणाली, देवानं बरी केली. मी म्हटलं, बरं."

एवढं बोलून ते आत गेले. मला लाज वाटली आणि तिथेच उभ्या उभ्या रडू आलं. तो पहिला रविवार मला आठवत होता. कागद मिळूनही मी बरी झालेय यावर माझाच विश्वास नव्हता. देवळात जातानासुद्धा खोकला आला की मी रुमाल उलगडून रक्त आहे का ते बघत होते. आणि त्याच सकाळी, आमच्याकडे पाठ करून, हा माणूस ते पाणी पिऊन मोकळा झाला होता.