पेरूला न गेलेली दुभाषी

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षांत मी स्पॅनिश शिकले. आमचा तांडा बोरी अरबजवळ. घरात आम्हा बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, असं लहानपणापासून चालत आलेलं, म्हणून आणखी एका भाषेचं मला ओझं वाटलं नाही. आमच्या शेतकरी गटातल्या काही जणांना एका संस्थेनं पेरू देशात न्यायचं ठरवलं होतं. तिथले कापूसवाले आमच्यासारखेच लहान, हातानं वेचणारे, आणि अळीचा बंदोबस्त त्यांनी बऱ्यापैकी केलेला. संस्थेची अट एकच होती. गटातल्या कोणाला तरी तिथल्या लोकांशी कामापुरतं बोलता आलं पाहिजे, कारण त्या गावात इंग्रजी कोणालाच येत नव्हतं.

गटाचे अध्यक्ष बोरीचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी तर खरोखरच भाऊ मानत होते, राखी बांधत होते. वडील गेल्यावर मला गटाच्या कामात त्यांनीच घेतलं, संगणकासमोर बसवलं ते त्यांनीच. बैठकीत ते म्हणाले, "आपली बाई शिकीन. तिले तीन भाषा येतातच, चौथी काय जड हाये?" मग घरी येऊन माझ्या नवऱ्यालाही विचारून गेले. नवरा म्हणाला, जाऊ द्या, माझी ना नाही.

पेरूला चालले म्हटल्यावर तांड्यातल्या बायकांना वाटलं, मी पेरूच्या बागेत कामाला चालले.

इंटरनेटवर स्पॅनिश शिकवणारे हवे तेवढे होते. आधी मेक्सिकोतला एक तरुण मिळाला. तो भराभर बोलायचा आणि मला हसू आलं की स्वतःही हसायचा, त्यामुळे शिकणं तिथंच राहिलं. मग पेरूतल्याच एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. आमची सकाळ म्हणजे त्यांची रात्र. मी भाकरी टाकून, मोबाइल मक्याच्या कणगीला टेकवून बसायची आणि त्या झोपायच्या आधी शाल पांघरून समोर यायच्या. व्याकरणाचं पुस्तक त्यांनी उघडलंच नाही. तू प्रवासी आहेस, म्हणायच्या, तहान लागली तर काय म्हणशील, रस्ता चुकला तर कोणाला विचारशील. बसमधल्या गर्दीतून वाट काढताना 'पेर्मिसो' म्हणायचं, हे त्यांनी मला स्वयंपाकघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावून शिकवलं. माझी याडी, म्हणजे आई, दारातून बघत राहायची.

कापूस त्यांच्याकडेही पुरुष, 'आल्गोदोन'. अळी मात्र आपल्याकडे बाई आणि त्यांच्याकडे 'गुसानो', बाप्या. हे सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांची शाल घसरली. हळूहळू मी आमच्या शेताबद्दल बोलू लागले. डोमकळी, म्हणजे अळीनं आतून शिवून टाकलेलं, न उमलणारं फूल, कसं दिसतं ते त्यांना सांगायला मला शब्द नव्हते. मी शेतातून एक आणून पडद्यासमोर धरलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

सगळ्यांचे कागद भाऊंकडे होते. माझा पासपोर्टही त्यांनीच नेला. नवऱ्यानं दारव्ह्याहून चाकांची बॅग आणली. जायची वेळ जवळ आली तसे भाऊ एका दुपारी आले, पाणी प्यायले आणि मान खाली घालून म्हणाले, "तुले व्हिसा नाही भेटला बाई. बाकीच्याइले भेटला."

मी विचारलं, "कायले नाही भेटला?"

"ते लोक कारण सांगत नाहीत."

त्यांचा चेहरा इतका पडला होता की मीच त्यांची समजूत काढली. माझ्या जागी त्यांचा जावई जाणार होता. जावयाला चार वाक्यं शिकव, असं भाऊंनी सांगितलं. तो कामाला होता ती कापसाची जिनिंग बंद पडल्यापासून तो घरीच होता. मी त्याला मन लावून शिकवलं. त्याचं लक्ष नव्हतं, म्हणून गरजेची वाक्यं माझ्या आवाजात मोबाइलवर भरून दिली. निघायच्या दिवशी मी बोरीच्या स्टँडवर जाऊन त्यांना नारळही दिला.

ते तिथं पोचले आणि काही दिवसांतच भाऊंचा व्हिडिओ फोन आला. मे महिना होता. दिवेलागणीला अंगणात पाणी शिंपडून आम्ही बसलो होतो. तिथं सकाळ होती, मागं हिरवंगार कापसाचं शेत. भाऊ म्हणाले, जावयाला काहीच जमत नाही, हे लोक अळीचं सांगून राह्यले, तू जरा समजून घे आणि आम्हाला सांग.

फोन तिथल्या गटाच्या अध्यक्ष बाईंनी हातात घेतला. उन्हानं रापलेल्या, टोपी घातलेल्या. मी नमस्कार केला, तसा त्यांचा चेहरा उजळला. त्या सावकाश बोलल्या, माझ्यासाठीच सावकाश. म्हणाल्या, तुमच्यासाठी माझ्या घरात खोली तयार करून ठेवली होती. तुम्ही यायला का नकार दिलात?

मला वाटलं, माझं ऐकण्यात चुकलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. व्हिसाचे अर्ज जायच्या आधीच भारतातून निरोप आला होता की या बाई येणार नाहीत, नाव बदला. त्यात 'एस्पोसो' आलं, म्हणजे नवरा, आणि 'पेर्मिसो' आलं. वाट मागायचा तोच शब्द परवानगीलाही चालतो, हे मला तेव्हा कळलं. नवऱ्यानं परवानगी दिली नाही, असं कळवलं होतं. नवरा माझ्या शेजारी शेंगा फोडत बसला होता.

भाऊ तिथंच उभे होते, त्यांना काही समजत नव्हतं. ते म्हणाले, "काय म्हणते ते?"

मी म्हणाले, "त्या विचारतात, मी काहून नाही आली."

भाऊंनी जावयाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांग, तब्येत बरी नव्हती."

मी त्या बाईंना स्पॅनिशमध्ये सांगितलं की मला यायचं होतं, नवऱ्यानं कधीच अडवलं नाही, व्हिसा मिळाला नाही असं मला सांगण्यात आलं. तेवढं बोलायला मला कुठंही अडखळावं लागलं नाही. बाईंनी वळून भाऊंकडे पाहिलं. भाऊ त्यांच्याकडे बघून हसले.

त्यानंतर अळीचं सगळं मी मराठीत करून दिलं. फरदड घ्यायची नाही, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक उभं ठेवून आणखी कापूस काढायचा नाही. गावातल्या सगळ्यांनी ठरल्या दिवसाच्या आत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची उभी झाडं, उपटून टाकायच्या, एकानंही मागं राहायचं नाही. एक शब्द मी कमी-जास्त केला नाही. ते तांड्यासाठी होतं, माझ्यासाठी होतं. फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "माझं नाव घेतलं त्यायनं?" आणि उठून बैलांकडे गेला.

दुसऱ्या सकाळी शिक्षिकेला मी सारं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एरवी त्या क्रियापद चुकलं की बोट वर करायच्या. त्या दिवशी केलं नाही.

पेरूला गेलेले परत आल्यावर बोरीत त्यांचा सत्कार झाला. मी गेले नाही. मग भाऊ घरी आले, तिथल्या कापसाची एक ओढणी घेऊन. मला वाटलं होतं, ते नाकबूल करतील. त्यांनी केलं नाही. म्हणाले, लेकीचा संसार मोडायला आला होता, जावई एकदा बाहेर जाऊन आला तर त्याला कुठं तरी लागता येईल, असं वाटलं. आणि पुढं म्हणाले, "तू समजदार हायेस म्हणून तुलेच बाजूले केलं. दुसऱ्या कोणी गावभर केलं असतं."

खोट्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांनी मला निवडलं होतं.

मी म्हणाले, "मले विचारलं असतं, भाऊ. लेकीसाठी मागितली असती तर मीच दिली असती जागा."

 चहा झाला होता, तो त्यांनी घेतला नाही.

गटाचं काम मी सोडलं. त्या हंगामात तांड्यातल्या बहुतेकांनी फरदड घेतली नाही, काहींनी घेतलीच, आणि अळी कमी झाली पण गेली नाही. जावई आता पुण्यात कुठंसा नोकरीला आहे, असं ऐकते. स्पॅनिश मी सोडलं नाही. टोपीवाल्या बाई अधूनमधून फोन करतात, आम्ही पाऊसपाण्याचं बोलतो आणि त्या प्रत्येक वेळी विचारतात, कधी येता. मी येईन म्हणते. पासपोर्ट आता माझ्याच कपाटात असतो, त्यावर अजून एकही शिक्का नाही.