चहाडखोर गाडी

माझ्या गाडीचं माझ्याबद्दल मत चांगलं नाही. तिच्या स्टिअरिंगमागे एक बारीक कॅमेरा आहे. ड्रायव्हर पेंगतोय का, इकडेतिकडे बघतोय का, यावर तो पाळत ठेवतो आणि नुसता संशय आला तरी बोंबलतो. शोरूममध्ये मीच ऐटीत म्हणालो होतो, "हे हवंच!" (चाकणच्या कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर. ड्रायव्हर लोकांना लक्ष देऊन गाडी चालवण्याचे डोस मीच पाजतो.) फक्त स्वतःचे डोळे विसरलो. ते इतके बारीक, की लग्नाच्या अल्बमात मी प्रत्येक फोटोत झोपलेलो आहे!

मेहुणीचा साखरपुडा चाकणला होता. सांगवीहून निघालो. शेजारी सासरे, मागे सासूबाई, बायको आणि मेहुणी. नाशिक फाटा ओलांडला आणि गाडीतून बाईचा आवाज आला, "आप थके हुए हैं. कृपया आराम करें."

"जावईबापू, झोपलाय व्हय?" सासरे दचकले.

"नाही हो मामा, टक्क जागा आहे!"

"मग ती बाई कशाला खोटं बोलंल?"

मी डोळे फाडून बसलो. भोसरीपर्यंत डोळ्यांतून धारा लागल्या. सासूबाई गहिवरल्या, "बघा, धाकटीसाठी कसा जीव तुटतोय!" तसं काही नाही, हे सांगायला मी मान वळवली. टिंग टिंग टिंग! "कृपया सामने देखें!"

"त्या बाईला कळतंय, तुमाला न्हाई," सासरे म्हणाले.

मोशीला गाड्यांची ही रांग! मी संतापलो. ही कटकट बंदच करायची, म्हणून स्क्रीनवर बोटं फिरवू लागलो. सेटिंगच्या आत सेटिंग, त्याच्या आत आणखी एक! वर बाईचं टुमणं चालूच, "सामने देखें! सामने देखें!"

"गप्प बस गं!" मी ओरडलो. (मागच्या तिघीही गप्प झाल्या.) आणि धाड!

पुढच्या गाडीचा दिवा फुटला. आतून एक फेटेवाले गृहस्थ उतरले. मेहुणी किंचाळली, "अगं आई, हे तर मुलाचे काका!"

बोलणी झाली तेव्हा मी ड्युटीवर होतो, त्यामुळे त्या मंडळींनी मला कधी पाहिलंच नव्हतं. काका काचेशी वाकले, "डोळे मिटून चालवतो का रे?"

मेहुणी रडायच्या बेतात. सासरे टुणकन उतरले, हात जोडून म्हणाले, "माफ करा पाव्हणं. भाड्याचा डायवर हाय. नवीन हाय."

मी तोंड उघडलं. बायकोनं मागून असा चिमटा काढला, की मी ते मिटलं.

मग काय! अख्खा साखरपुडा मी हॉलबाहेर, गाडीला टेकून. कुणीतरी कागदी प्लेटमध्ये मसालेभात आणून दिला आणि म्हणालं, "ड्रायव्हर, गाडी जरा मागे घे." घेतली! मागे जातानाही ती माझ्यावर ओरडली.

अंगठ्या घालून झाल्या. काका सगळ्यांना पोचवायला बाहेर आले. मला आपादमस्तक न्याहाळून सासऱ्यांना म्हणाले, "असला ड्रायव्हर ठेवू नका हो. आजच काढून टाका."

आता कार्य पार पडलं होतं, भीती नव्हती. सासऱ्यांनी खोल उसासा सोडला.

"कवाच काढला असता, पाव्हणं. पर थोरली पोरगी देऊन बसलोय न्हवं!"

काकांना समजायला एक क्षण लागला. मग दोन्हीकडची मंडळी पोट धरधरून हसली. सगळ्यात मोठ्यानं थोरली पोरगी!