दोरे बांधलेल्या बाटल्या

आमची आई शिवणकाम करायची. गिऱ्हाईक दारात दिसलं की टेप हातात घेण्याआधीच तिनं डोळ्यांनी माप घेतलेलं असायचं. वाचायच्या नावानं मात्र आनंद! आणि घरात औषधं सदानकदा, कारण आमची धाकटी चिमी जन्मापासून प्रकृतीनं तोळामासा. कंपाउंडर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा, आई त्यांच्या गळ्यात रिळाचे दोरे बांधायची. लाल दोरा तापाचा, निळा खोकल्याचा, पांढरा पाठीला चोळायच्या औषधाचा. शेजारणी कौतुक करायच्या आणि मिरवायचे मी!

मग मावशी राहायला आली. तिला स्वच्छतेचं भारी वेड. तिनं फळी पुसली, चिकट बाटल्या पुसल्या, मळके दोरे सोडवून धुतले, वाळवले आणि पुन्हा बांधले. आपल्या मनानं, कुठल्या बाटलीला कुठला रंग शोभतो ते बघून!

दुसऱ्या दिवशी चिमी तापानं फणफणली. आईनं लाल दोऱ्याची बाटली काढली, चमचा भरला. चिमीनं आ केला. तेवढ्यात आईला चोळायच्या औषधाचा उग्र वास आला आणि चमचा हातातून गळून पडला.

"अगं बाई, पोर गेली असती गं माझी!" तिनं चिमीला उराशी कवटाळलं.

मला वाटलं, आता मावशीची काही खैर नाही. पण आईनं कापडावर आखायचा खडू माझ्या हातात दिला. "शाळेत जातेस ना? मग शिकव मला."

कापड बेतायच्या टेबलावर मी अक्षरं काढायचे, ती गिरवायची. "हा कसला क? बाही उसवलीय याची!" मी मास्तरीणबाईंचा आव आणायचे आणि दोघी हसून हसून बेजार व्हायचो. त्या दुपारी अजून हव्याहव्याशा वाटतात मला.

'ताप उतरला तरी बाटली संपवावी' असंही चिठ्ठीवर असायचं, ते आईला तेव्हा कळलं. तोवर ती ताप उतरला की औषध बंद करायची आणि चिमी पुन्हा अंथरुणात. नंतर मात्र चिमीनं असं अंग धरलं की मलाच बदडायला लागली.

शेवटच्या आजारात आईची नजर गेली होती. मी घाईघाईनं चमचा तिच्या ओठांशी नेला. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"अगं आई, तापाचंच आहे."

तिनं मान हलवली. नाही म्हणजे नाही!

शेवटी चिमीनं बाटली उचलली आणि वरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हा कुठे आईनं आ केला.