चोपन्न पायऱ्या, अकरा बादल्या

गोडादरा या कामगार वस्तीत आमचे घर तळमजल्यावर आहे आणि गच्ची तीन जिन्यांवर. पायऱ्या चोपन्न. आकडा पाठ आहे, कारण दोन वर्षांपूर्वी माझी बायको अठराव्या आणि छत्तिसाव्या पायरीवर कठडा धरून थांबायची.

ती घरी साड्यांचे धागे कापते, मी कापड विणायच्या लूमवर काम करतो. म्हणजे धाग्यांचा बारीक भुगा घरात दोन्हीकडून येतो. डॉक्टरांनी ॲलर्जीचा दमा सांगितला, पंप दिला. "काढा प्या, पण पंप सोडायचा नाही," असे बजावले. आम्ही तो सोडला नाही. तरी शिंका आणि धाप चालूच होती आणि धागे कापायचे काम बंद करावे लागेल की काय, ही तिला धास्ती होती.

सासूबाई धुळ्याकडून ओल्या फडक्यात गुंडाळून अडुळशाच्या फांद्या घेऊन आल्या. त्यावरून गच्चीत रंगाच्या रिकाम्या बादल्या मांडल्या : तीन अडुळसा, चार तुळस, दोन पानओवा, दोन गवती चहा. एकूण अकरा. सगळे जगले.

उन्हाळ्यात माती दुपारपर्यंत सुकायची. लूमवर धाग्यांचा कचरा फुकट मिळतो. तो पिशव्या भरून आणून मी मातीवर बोटभर जाड पसरला. पाणी दोनदा लागायचे, ते एकदाच पुरू लागले. मी स्वतःवर खूश होतो.

तिच्या सकाळच्या शिंका मी कॅलेंडरवर लिहीत असे.

"मन्या शिका मोजी राहिनात का?" ती आमच्या अहिराणीत विचारायची. "लूमवर मीटर मोजा, तेवढं पुरे."

कचरा पसरला त्याच आठवड्यात आकडा सातावरून पंधरावर गेला. मी शेजारच्या बांधकामाला दोष दिला. तिने चार दिवस ऐकून घेतले, मग म्हणाली, "पानं खुडायला गच्चीवर गेल्यावरच शिंका येतात, हे तुमच्या कॅलेंडरात कुठे आहे?"

मी एका बादलीवर वाकून फुंकर मारली. उन्हाच्या तिरिपेत भुगा उडाला आणि पहिली शिंक मलाच आली.

"औषधाच्या झाडांना रोगाचं अंथरूण," ती म्हणाली. "आणि वर रोज पाणी घालायचं."

सगळा कचरा काढला. नारळवाल्याकडून नारळाच्या शेंड्या आणून पसरल्या. पाने तीन पाण्यांनी धुऊ लागलो. धागे कापायचे काम तिने गॅलरीत नेले, तोंडाला ओढणी बांधून. काढ्यात अडुळशाची दोन पाने, थोडे आले, गूळ. दोन कप पाणी आटवून एक कप. काढ्याने किती फरक पडला, जागा बदलल्याने किती आणि पंपाने किती, हे मला वेगळे काढता येत नाही, म्हणून सांगत नाही. महिन्याने कॅलेंडरवर दोन-तीनच्या वर आकडा नव्हता. डॉक्टरांनी ते कॅलेंडर उलटसुलट करून पाहिले आणि पुढच्या वेळीही आणायला सांगितले.

गेल्या रविवारी पाने खुडायला आम्ही दोघे निघालो. ती पुढे होती. अठरावी गेली, छत्तिसावी गेली, तिचा हात कठड्याकडे गेला नाही. छत्तिसाव्या पायरीवर मी थांबलो.

वरून आवाज आला, "या सावकाश. तुमच्यासाठीही दोन पानं खुडते."

मी दम खाल्ला आणि उरलेल्या अठरा चढलो. वर ती अडुळशापाशी वाकली होती, श्वास अगदी साधा चालला होता.