सरड्याची धाव

सरडा किती लांब जातो, हे शोधण्यात मी खुटबावात दोन महिने घालवले. उत्क्रांतीच्या अभ्यासात हा फार गंभीर प्रश्न आहे. घरी सांगितलं की सगळे हसायचे, म्हणून मी सांगणंच बंद केलं होतं. चाळीस सरड्यांच्या पाठीवर निळा ठिपका काढला आणि रोज सकाळी शेतात जाऊन ते मोजले. एकानंही बांध ओलांडला नव्हता! 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' हे विज्ञानानं सिद्ध झालं, असं पीएचडीच्या गाइडबाईंना कळवूनही टाकलं.

मग एका संध्याकाळी शेताचे मालक, आबा, शेजारच्या उसातून टोपली घेऊन येताना दिसले. टोपलीत फडक्याखाली माझे सहा सरडे.

"आबा, हे काय?"

"तुमचीच हायती. लई वांड. रोज पल्याड पळत्यात, रोज वळून आणतो."

"रोज?"

"मंग! आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. खुणेचं जनावर दुसऱ्याच्या रानात कसं ठिवायचं?"

मी कपाळाला हात लावला. आबा धीर देत म्हणाले, "काळजी करू नका. दोन घारीनं नेली, तवा मी दुसरी दोन धरून रंगवली बी."