वाळूच्या गोळ्या

उस्मान फिरफिरेला कुणी "तुला जमायचं नाही" म्हटलं की तो ते करूनच सोडायचा, आणि "असं कर" म्हटलं की मुळीच करायचा नाही. अशा स्वभावाच्या माणसानं कुवेतमधल्या शुऐबाच्या कारखान्यात पाइप-फिटर म्हणून इतकी वर्षं कशी काढली, याचं त्याच्या बायकोला, असमाला, नवल वाटायचं. उत्तर सोपं होतं. पाइप हुज्जत घालत नाहीत, आणि शुक्रवारी सुट्टी असते.

शुक्रवारची नमाज झाली की तो जुन्या पिकअपमध्ये पत्र्याचा डबा टाकायचा, सात वर्षांच्या अलिनाला शेजारी बसवायचा आणि खैतानहून थेट सुलैबिखातचा किनारा गाठायचा. तिथे ओहोटीला समुद्र इतका आत सरतो की नजर पोचेल तिथवर चिखलच उरतो. बाकीचे लोक पोरांना बागेत नाही तर दुकानांत फिरवायचे. उस्मान चिखलात न्यायचा. कारण त्या चिखलावर निवट्या होत्या.

उस्मानचं गाव बाणकोटच्या खाडीकाठी. निवटी ही काही मानाची मासळी नव्हे. वीतभर लांब, बुळबुळीत, डोळे डोक्याच्या वर बसवलेले, परांवर सरपटत चिखलात हिंडणारी. शहरातल्या बाया बाजारात ती दिसली तर पदर नाकाला लावतात. पण खाडीकाठच्या माणसाला विचारा. राखेनं चोळून बुळबुळ काढलेली, सोलं आणि लाल मिरची घालून आटवलेली निवटी ज्यानं खाल्ली, त्याला पापलेटाचं कौतुक सांगू नका. कुवेतचे लोक तिला बू शलंबो म्हणत आणि हसून सोडून देत. एवढी मासळी उघड्यावर नाचते आहे आणि खाणारं कुणी नाही, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा उस्माननं गाडी कडेला घेतली होती आणि बराच वेळ वेड्यासारखा हसत बसला होता.

पहिला डबा घरी आला तेव्हा असमा दोन पावलं मागे सरली. ती खेडच्या बाजारपेठेतली, खाडीशी तिचा संबंध नाही.

"हा मासा हाय की सरडा, ते आधी ठरवा. मग मी चुलीवर ठेवते."

"तोंड माशाचं, शेपूट माशाचं, वास माशाचा. आणखी काय दाखला आणू?"

"सरडा दाखला नाय मागत, म्हणून विचारलं."

खाल्ल्यावर मात्र तिनं हाडं चोखून ताटाच्या कडेला रांगेनं लावली. उस्मान त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर पुन्हा शिजली नसती.

अलिना जन्मली कुवेतला, शाळा इंग्रजी. मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत. "बावा, इट्स डान्सिंग!" असं ओरडत ती पहिल्या दिवशी निवटीमागे धावली आणि तोंडावर आपटली. उस्माननं तिला उचललं नाही. म्हणाला, "धावून कुणी शिकार केली गो? उभी राहा. बघ."

मग त्यानं तिला चिखल वाचायला शिकवला. बिळाला दोन तोंडं असतात. एकावर पाय दाबायचा, दुसऱ्यात हात घालायचा, कोपरापर्यंत. पण आधी बघायचं. कडेचा चिखल ओला चकचकीत असेल तर मालक घरात आहे. सुकून तडा गेला असेल तर घर रिकामं, तिथे साप नाही तर नांगीवाला खेकडा येऊन राहिलेला असतो. "हात घालायच्या आधी डोळे घालायचे," असं तो म्हणायचा. वर, चिखल संपून वाळू सुरू होते तिथे बारके खेकडे. ते वाळू तोंडातून गाळून घेतात आणि तिच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या करून बाहेर टाकतात. ओहोटी लागली की अख्खी वाळू गोळ्यांनी भरून जाते, जणू कुणी पापडीला घातलेला साबुदाणा सांडून ठेवलाय.

"हूज हाउस?" अलिना प्रत्येक ठिकाणी विचारायची.

"गोळ्या हायत ना? मग कुणाचं तरी घर हाय. मराठीत विचार."

"इथे कोण राहतं?"

"आता कसं."

मे उजाडेपर्यंत पोरीचा हात त्याच्यापेक्षा चांगला बसायला लागला. बारीक हात, बिळात सळकन जायचा. निवटी हातात वळवळली की ती किंचाळायची, पण सोडायची नाही. उस्मानला याचा केवढा गर्व! खैतानच्या चहाच्या दुकानात तो ते सगळ्यांना ऐकवायचा.

ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य आलं. कारखाना बंद झाला. मालक आधी गेला, मॅनेजर त्याच्या मागे, आणि कामगारांना कळलं तेव्हा फाटकाला कुलूप होतं. दुकानांतून रोज एकेक जिन्नस नाहीसा व्हायला लागला. दुकानदार हात हलवून म्हणायचा, "माकू." म्हणजे नाही. साखर माकू, दुधाची पावडर माकू, पाव माकू. अलिना बाहुलीशी खेळताना दुकानदार व्हायची आणि बाहुलीला सांगायची, "माकू, मॅडम, माकू."

वरच्या मजल्यावर साताऱ्याचा प्रभाकर राहायचा. इस्पितळात एक्स-रे काढायचा. बगदादवरून अम्मानला बसेस जात होत्या, तिथून मुंबईचं विमान. त्या बसची जमवाजमव प्रभाकर करत होता. तो दारात उभा राहून म्हणायचा, "फिरफिरे, जागा धरू का तुमच्या तिघांच्या?"

"आम्ही काय चोरी केलीय पळून जायला?" उस्मान म्हणायचा.

असमा प्रभाकरसमोर बोलायची नाही. दार लागलं की बोलायची. "घरात काय हाय? डाळ हाय आणि तुमचा ताठा हाय. डाळ संपली की काय शिजवू?"

"खाडी हाय ना."

"काय?"

"बाणकोटात माझ्या बापानं दुष्काळात चार पोरं खाडीवर जगवली. समोर चिखल हाय तोवर माझी पोर उपाशी राहणार नाय. ज्या दिवशी खाडी नाय म्हणेल, त्या दिवशी बसमध्ये बसू."

हा करार झाला. असमानं तो लक्षात ठेवला.

सप्टेंबरात तो पोरीला घेऊन पुन्हा किनाऱ्यावर जायला लागला. डबा भरून यायचा. एकदा अलिना जिन्यातूनच ओरडत आली, "आई, तिकडे गोळ्याच गोळ्या! सगळीकडे गोळ्या!" असमाच्या हातातून पातेलं सुटलं. ती दारात आली तेव्हा तिच्या तोंडावर रक्त नव्हतं.

"खेकड्यांच्या गो! वाळूच्या!" उस्मान हसत सुटला.

असमा हसली नाही. पातेलं उचलून आत गेली.

किनाऱ्याच्या वळणावर सैनिकांनी नाका मांडला होता. तिथे एक पोरगेला शिपाई असायचा, बसऱ्याकडचा. पहिल्या दिवशी त्यानं डबा उघडायला लावला, आत बघितलं आणि बंदूक पाठीवर सारून पोट धरून हसला. "बू शलंबो!" त्याच्या नदीकाठीही त्या असतात, आणि तिथेही कुणी खात नाही. मग रोजचंच झालं. उस्मानची गाडी दिसली की तो दोन्ही हातांचे पर करून निवटीसारखा डोलायचा आणि अलिना खिदळायची. उस्मानला तो "अम्मो" म्हणायचा, काका. उस्माननं घरी येऊन सांगितलं, "बघ, वर्दीतसुद्धा माणूस निघतो." असमा म्हणाली, "माणूस हाय, पण हुकूम त्याचा नाय."

त्या दिवशी सकाळची ओहोटी होती. नाक्यावर जीप उभी होती आणि जीपमध्ये कुणी अधिकारी सिगारेट ओढत बसला होता. पोरगेला शिपाई पुढे आला. हसला नाही, डोलला नाही. त्यानं अलिनाकडे बघितलं, मग उस्मानकडे.

"माकू बू शलंबो, अम्मो," तो म्हणाला. "माकू."

उस्मानला हसू आलं. हा मला निवट्या शिकवतोय! ओहोटी लागलेली, ऊन कोवळं, अशा वेळी निवट्या माकू? "आकू, आकू," तो म्हणाला. आहेत रे, आहेत.

शिपायानं जीपकडे एक नजर टाकली आणि एकदम आवाज चढवला. "माकू! घरी जा!"

झालं. घरी जा म्हटल्यावर उस्मान घरी जाणार होता थोडाच. त्यानं गाडी वळवली, पण पुढच्या गल्लीतून पुन्हा समुद्राकडे घेतली. मोडक्या होड्या टाकल्या होत्या तिकडून एक पायवाट खाली उतरत होती. "बंदूक हातात आली की पोरंटोरं पण बापाला घरी जा म्हणतात," तो बडबडत होता. "मुलूख तुझा नाय, माझा पण नाय. समुद्राला कुणी मालक असतो काय गो, अलिना?"

"नो."

"मराठीत."

"नाय."

दोघं होड्यांच्या मधून वाळूवर उतरली. भरती नुकतीच ओसरली होती, वाळू ओली. बारक्या खेकड्यांनी आपलं काम उरकलं होतं, गोळ्यांचं जाळं लांबवर पसरलं होतं. दूर चिखलावर निवट्या उडत होत्या. उस्मानला ते बघून बरं वाटलं. म्हणे माकू! डबा खांद्याला लावून तो चालत होता, आणि अलिना दोन पावलं पुढे, गोळ्यांमधली बिळं टाळत उड्या मारत जात होती, कुणाचं घर मोडू नये म्हणून.

ती थांबली.

"बावा, इथे कोण राहतं?"

"खेकडे."

"नाय. इथे गोळ्या नाहीत."

ती बोट दाखवत होती तिथे परातीएवढी जागा कोरी होती. सपाट, गुळगुळीत, हातानं थापल्यासारखी. भोवती सगळीकडे साबुदाणा आणि मध्ये ही कोरी परात. उस्मान वाकला. मग त्याला थोड्या अंतरावर दुसरी दिसली. तिच्यापुढे तिसरी. सारख्या अंतरानं, ओळीनं, किनाऱ्याला धरून.

खेकडे ओळीत घरं बांधत नाहीत. सुरुंग ओळीत पुरतात.

त्यानं हळूच मान मागे वळवली. ते आले त्या वाटेवरही तशीच एक ओळ होती. त्याच्या पावलांचे ठसे, आणि त्यांच्या पुढे पोरीचे इवले ठसे, त्या ओळीतल्या दोन कोऱ्या जागांच्या मधून आले होते. पोर गोळ्यांमधली बिळं निरखत आली होती, कोऱ्या जागी पाय टाकायचं तिला सुचलंच नव्हतं. आणि तो तिच्या मागे.

आता त्याला तो पोरगेला आवाज पुन्हा ऐकू आला. माकू बू शलंबो. जीपमध्ये साहेब बसलेला असताना त्या पोरानं आणखी काय सांगायचं होतं?

 उस्माननं आवाज रोजचाच काढला.

"अलिना, हलू नको. आहेस तिथे बगळ्यासारखी उभी राहा."

"निवटी आहे?"

"हं. मोठी हाय. मी आलो."

त्यानं डबा आपल्याच ठशात ठेवला. मग गोळ्या असलेल्या जागा शोधून, पाय टेकायच्या आधी नजर टेकून, तो तिच्यापर्यंत गेला आणि तिला पाठीवर घेतलं.

"मी मोठी झालेय," ती कुरकुरली.

"हाय ना मोठी. मोठीच काम करणार आज. तू वरनं बघ आणि मला सांग. आपण आलो ते ठसे दिसतात? माझा पाय ठशातच पडला पाहिजे. चुकला की तू जिंकलीस."

"मग काय देणार?"

"मागशील ते."

ती वरून बघत राहिली. "डावीकडे, बावा. थोडं मागे. यस. आता तो होडीजवळचा." एकदाही ती जिंकली नाही. होड्यांपाशी पोचल्यावर तो तिला खाली न उतरवताच गाडीपर्यंत गेला आणि तिला आत बसवून त्यानं दार लावलं.

"डबा राहिला," अलिना म्हणाली.

"राहू दे."

"मोठी निवटी?"

"माकू," उस्मान म्हणाला.

जाताना नाक्यावरून गाडी गेली. पोरगेला शिपाई रस्त्याकडे तोंड करून उभा होता. त्याला गाडीत दोघं दिसली आणि त्यानं खांदे एकदम खाली सोडले. उस्माननं हात कपाळाला लावला. एवढंच.

घरी असमा डाळ निवडत होती. रिकाम्या हातांनी आलेला नवरा तिनं पाहिला, पोरीचे पाय कोरडे पाहिले.  उस्मान पाणी प्यायला, भांडं ठेवलं.

"प्रभाकरची बस कधी हाय?"

"खाडी काय म्हणाली?" असमानं विचारलं.

"नाय म्हणाली."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि निवडलेल्या डाळीतून हात फिरवत राहिली. शेवटी पोरीला जवळ ओढून तिनं तिचे केस विंचरायला घेतले. सकाळी विंचरलेले होते तरी.

बस बगदाद ओलांडून अम्मानच्या रस्त्याला लागली. त्या रस्त्यावर एका दुपारी इंजिन तापलं आणि ड्रायव्हरनं सगळ्यांना खाली उतरवलं. दोन्ही बाजूंना नुसतं माळरान, झाड नाही. बायका चादरी घेऊन बसायला जागा बघू लागल्या. असमानंही चादर झटकली.

"आई, थांब!" अलिना ओरडली.

ती रस्त्याच्या कडेला वाकून चालत होती, हात पाठीमागे बांधून, बाप चालतो तशी. बाकीच्या बाया हसल्या. प्रभाकर म्हणाला, "काय हरवलं गं?" उस्मान हसला नाही. तोही चादरीचं एक टोक धरून उभाच राहिला, पोर काय म्हणते ते ऐकायला.

ती एका जागी उकिडवी बसली. मुंग्यांनी बिळातून काढलेल्या मातीची बारकी रास तिथे होती. तिनं बोटानं एक कण उचलून उन्हात धरला.

"गोळ्या आहेत," ती म्हणाली. "इथे कुणीतरी राहतं. बसा."

आणि ते बसले.